बासष्टावं नाव

आई गेल्यावर सहाव्या महिन्यात मंडळीने मला चिटणीस केलं. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. "अक्षर आईसारखं आहे ना? मग झालं," काका म्हणाले, आणि भराभर हात वर झाले. त्या दिवसापासून तिच्या लोखंडी कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. पुढचे दोन महिने मी ती पर्समध्ये घेऊन फिरले, कपाटाच्या वाटेला मात्र गेले नाही.

मग अमृतमहोत्सव तोंडावर आला.

आमच्यासारख्या मूठभर बॅप्टिस्ट मंडळीच्या मानाने पंचाहत्तर वर्षं फारच झाली. आमच्या डोक्यावर ना कोणी बिशप, ना कुठलं मुख्यालय. छप्पर गळलं तर आम्हीच ठरवायचं, पाळक नेमायचा तरी आम्हीच हात वर करायचे. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक गोष्टीचा ठराव होतो. चहाच्या पातेल्याला नवं झाकण आणायचं होतं, तेव्हाही झाला होता. आजोबांनी, म्हणजे सगळ्यांच्या आप्पांनी, नियम पहिल्याच वर्षी लिहून ठेवले आहेत: एकाने ठराव मांडायचा, तो सूचक. दुसऱ्याने उभं राहून "अनुमोदन" म्हणायचं, तो अनुमोदक. त्यानंतरच मतदान.

रविवारची उपासना संपल्यावर बाजूच्या खोलीत समारंभाची समिती बसली. समिती म्हणजे आमचंच घर, आणि लाजेकाजेस्तव पाळक. काका टेप घेऊनच आले होते. त्यांनी पस्तीस वर्षं मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि निवृत्त झाल्यावर हाताला चैन पडेना म्हणून उरलेलं जग मोजायला घेतलं.

"व्यासपीठ सव्वाअकरा फूट," ते म्हणाले. "बाप्तिस्म्याच्या टाकीवरच्या फळ्या धरून. मागच्या भिंतीवर आप्पांची तसबीर पाच बाय चार आरामात बसते."

"पाच बाय चार?" काकू म्हणाली. "क्रूस आहे दोन फुटांचा. आणि मामंजी पाच फूट?"

"संस्थापक आहेत ते."

"कोणाच्या मानाने, ते बघा जरा."

बाबा हसले नाहीत. ते खिडकीशी बसून चहाचा कप दोन्ही हातांत धरून होते. बाबांनी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, पण मंडळीच्या सभेत ते बोलल्याचं मला कधी आठवत नाही. मत द्यायला हात वर करतात, तोही कोपरातून.

पाळक घसा साफ करून म्हणाले, "तसबीर लावू. पण मला विचाराल तर, कार्यक्रमात एकच गोष्ट हवी. हजेरी."

पाळक आमच्याकडे येऊन दोनच वर्षं झालेली, वय बत्तीस. तरी हजेरीबद्दल त्यांनी ऐकलं होतं. पंचविसाव्या वर्षी आणि पन्नासाव्या वर्षी ती झाली होती. पहिल्या दिवसापासून मंडळीच्या पटावर आलेलं प्रत्येक नाव चिटणिसाने मोठ्याने वाचायचं. जो जिवंत आहे तो उभा राहून "हजर" म्हणतो. जो गेला त्याच्या नावानंतर कोणी काही बोलत नाही. एक श्वास थांबायचं आणि पुढचं नाव. ज्यांना मंडळीने पटावरून कमी केलं, त्यांची नावं वाचत नाहीत. पन्नासाव्या वर्षी आई वाचत होती. मी तिसऱ्या बाकावर होते, आणि त्या थांबलेल्या श्वासांमध्ये पत्र्यावर चालणाऱ्या कबुतराच्या नखांचा आवाज येत होता, हे मला अजून आठवतं.

"किती नावं होतील?" काकांनी विचारलं.

आदल्या संध्याकाळी मी कपाट उघडलं होतं. "मयतांसकट दोनशे चौदा. त्यातली हयात बासष्ट."

"एकसष्ट."

"मी तीनदा मोजलीत, काका."

"तुझ्या आईनेही तीनदाच मोजली असती." काकांनी टेप सर्रकन गुंडाळली. "देवमाणूस होती, पण आकड्याशी वाकडं. दर वर्षीच्या अहवालात एक डोकं जास्त! मी म्हणायचो, अगं, एक जादा होतंय. तर म्हणायची, 'दादा, मी पट बघून मोजते, तुम्ही बाकं बघून मोजता.'"

सगळे हसले, आणि हसता हसता एकेक जण थांबला. तिच्यावर हसायचं की नाही, हे आमच्या घराला अजून ठरवता आलेलं नाही.

मी घरी येऊन पुन्हा बसले. या वेळी आकडे सोडून दिले आणि नावापुढे माणूस आठवू लागले. हा समोरच्या गल्लीतला. ही दवाखान्यातली. हे जोडपं परगावी असतं, पण सणाला येतं. एकेक टिंब देत गेले. शेवटी टिंबाशिवाय एकच नाव उरलं.

बेबीआत्याचं.

बाबांची धाकटी बहीण. आता अडुसष्ट वर्षांची आहे, पण घरात शेंडेफळ म्हणून पडलेलं नाव तसंच राहिलं. अडतीस वर्षांपूर्वी तिने देवाला न मानणाऱ्या एका माणसाशी नोंदणी कचेरीत लग्न केलं, आणि मंडळीने तिला पटावरून कमी केलं. ठराव आजोबांनी स्वतः मांडला होता. अनुमोदन बाबांनी दिलं. आमच्या घरात ही गोष्ट कोणी सांगत नाही. ती सगळ्यांना ठाऊक असते, जसा अंधारात दिव्याचा खटका कुठे आहे ते ठाऊक असतं. तेव्हापासून बाबा आणि आत्या एका गावात राहून फक्त अंत्यविधींना भेटले. आईच्या वेळी ती फाटकाबाहेरच उभी राहिली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

कमी केलेली अकरा नावं पटावर होती. प्रत्येकावर पट्टी धरून तांबड्या शाईची रेघ, शेजारी तारीख आणि ठरावाचा क्रमांक. बेबीआत्याच्या नावावर रेघ नव्हती.

आई विसरली असेल, असं मी स्वतःला म्हणून पाहिलं. ते पटेना. दुधाच्या पिशवीवरची तारीखही दोनदा वाचणारी बाई. मी त्या वर्षापासूनची इतिवृत्ताची जाडजूड वही शोधून काढली आणि उभ्यानेच वाचली.

*

पुढच्या शनिवारी दुपारी समिती पुन्हा बसली, ती मुख्य सभागृहात, कारण काकांना बाकांमधलं अंतर घ्यायचं होतं. ते गुडघ्यावर बसून आकडे टिपत होते आणि काकू टेपचं दुसरं टोक धरून उभी होती, तेव्हा मी वही उघडली.

"काका, जरा ऐकता? आईने लिहिलेलं आहे."

काकांना पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं, की तेव्हाच आपण 'नंतर बघू' म्हणायला हवं होतं. ते तसं म्हणालेही आहेत मला. पण पुतणीचा आवाज तिच्या आईसारखा लागला आणि ते बसून राहिले.

मी वाचलं. "विषय चार. सभासदत्व रद्द करणे. सूचक," आणि आजोबांचं नाव; तेव्हा अध्यक्षही तेच होते. "अनुमोदक," आणि पुढे कोरी जागा. "अध्यक्षांनी अनुमोदन मागितले." मग बाबांचं नाव. "उभे राहिले. काही बोलले नाहीत. बराच वेळ उभे होते. खाली बसले. दुसरे कोणी उठले नाही. अध्यक्षांनी मतदान पुकारले. बाजूने चौतीस, विरोधात कोणी नाही."

"पुन्हा वाच," बाबा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"मी म्हणालो होतो," बाबा म्हणाले. सभागृहात बसून इतकं लांब वाक्य ते बोलल्याचं काकांनाही आठवेना. "अनुमोदन म्हणालो होतो मी. तोंड कोरडं पडलं होतं माझं. मला चांगलं आठवतंय."

"तोंड कोरडं पडलं असेल," काकू म्हणाली. "म्हणाला नाहीत तुम्ही, भावजी. दोनच बाकं मागे होते मी. तुमची कॉलर ओली झाली होती, ती सुद्धा आठवते मला."

"मग तू इतकी वर्षं बोलली नाहीस?" काका ओरडलेच.

"कोणाला सांगू? त्यांना? स्वतः तोंड उघडलं की नाही, हे माणसाला ठाऊक नसेल असं कसं वाटेल मला?" काकूने टेपचं टोक सोडून दिलं, आणि ते सळसळत काकांच्या मुठीत परत गेलं. "आणि मी तरी काय मोठी! लग्न होऊन वर्ष झालं होतं. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. शेजारणीला नंतर विचारलं, कशाचा होता गं ठराव?"

पाळकांनी नियमांची पुस्तिका काढली होती. त्यांनी पान शोधायचं नुसतं निमित्त केलं. नियम त्यांना पाठ होता. "नववं कलम. अनुमोदनाशिवाय ठराव सभेपुढे येत नाही."

"म्हणजे पडला, असं?" काका म्हणाले.

"पडायला आधी उभा राहावा लागतो, काका. तो आलाच नाही."

"चौतीस हात वर होते! मी मोजलेत. मीच मोजणीला होतो." काका उठले. त्यांना तो दिवस लख्ख दिसत होता: ते रांगेरांगेतून तर्जनी फिरवत गेले होते, एकही डोकं दोनदा न मोजता, आणि आप्पांपुढे जाऊन चौतीस म्हणाले होते. आप्पांनी मान हलवली होती. आयुष्यात आप्पांनी त्यांच्या कामाला दिलेली ती एकमेव पावती. "एकही हात चुकलेला नाही."

"चुकला नसणारच," पाळक हळूच म्हणाले. "पण मोजलेत ते कशाचे हात?"

काका चिडले. "हे बघा. पंचाहत्तरीच्या दिवशी, भरल्या मंडळीत, आप्पांच्या तसबिरीखाली उभं राहून सांगायचं, की त्यांनी स्वतः लिहिलेला नियम त्यांनीच मोडला? बापाचं नाक कापायला समारंभ करतोय का आपण? बेबीला परत घ्यायचं तर घ्या. रीतसर अर्ज करू दे तिला, रीतसर ठराव आणू. माझी ना नाही."

"परत घ्यायला ती गेली कुठे होती?" काकू म्हणाली. "नव्याण्णव मेंढरं सोडून हरवलेल्या एकामागे जाणारा मेंढपाळ तुम्ही आम्हाला घरच्या प्रार्थनेत दर महिन्याला ऐकवता. आणि इथे एक आपलं आपण जास्त निघालं, तर त्याला म्हणता अर्ज कर."

"तू कोणाच्या बाजूची आहेस?"

"एकोणचाळीस वर्षं तुमच्याच बाजूला बसते. आज जरा पाय अवघडलेत."

काका माझ्याकडे वळले. "आणि समज, तुझ्या आईला हे कळलं होतं. तर तिने लपवलं का?"

"लपवलं नाही, काका." हे मी आठवडाभर स्वतःशी घोळवत होते. "पुढच्या सभेत तिने हेच पान वाचून दाखवलं. इथे आहे. 'मागील इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.' सगळ्यांसमोर वाचलं. 'अनुमोदक' एवढं वाचून थांबली असेल. कोणीच काही विचारलं नाही. म्हणून तिने रेघ मारली नाही. दर वर्षी पट मोजला आणि जो आकडा आला तो अहवालात लिहिला. तो अहवालही दर वर्षी मंजूर झाला."

मी एकामागून एक वार्षिक सभांची पानं उलटत गेले. सभासद त्रेपन्न. सभासद अठ्ठावन्न. सभासद पासष्ट. माणसं येत होती, जात होती, आकडा वरखाली होत होता, आणि प्रत्येक आकड्यात एक माणूस धरलेलं होतं. आईचं अक्षर तिशीतलं होतं तसं सत्तरीपर्यंत सरळ. पाळक पुस्तिका मिटून उभेच राहिले होते, प्रार्थनेला राहतात तसे.

"थांब," काका म्हणाले. "मागे जा. अहवालाखाली काय लिहिलंय?"

"अहवाल मंजूर. सूचक," मी वाचलं, आणि मग माझ्या लक्षात आलं.

काकांच्या ते माझ्या आधी लक्षात आलं होतं. दर वर्षी सभा लांबायची, लोकांना घरी जायची घाई असायची, अहवालाला कोणी उठायचं नाही. मग काका उठायचे. "आकडा एकाने चुकलाय, पण असू दे," असं म्हणायचे, आणि पुढे तो एक शब्द म्हणून खाली बसायचे. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली. चष्मा कपाळावर सरकवला. प्रत्येक पानावर अहवालाखाली 'अनुमोदक' आणि त्यांचं स्वतःचं नाव. ते बोट लावून मोजू लागले. मध्येच कोणी बोललं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं.

"अडतीस," ते म्हणाले.

ते पहिल्या बाकावर बसले. वहीवर तळहात ठेवला.

"अडतीस वेळा उठून मी तिला आत घेतलंय," काका म्हणाले. "आणि त्या बाईने एकदाही मला कळू दिलं नाही. दर वर्षी माझं बोलणं ऐकून घेतलं. 'आकड्याशी वाकडं' म्हणालो मी तिला, तेही ऐकून घेतलं." त्यांनी खिशातून खुर्च्यांचा कागद काढला, पेन्सिलीने एकसष्ट खोडलं आणि वर बासष्ट लिहिलं. आकडा दोनदा गिरवला. "तसबीर तीन बाय दोन पुरे," ते काकूला म्हणाले.

"आणि बेबीला सांगायला कोण जाणार?" काकूने विचारलं.

कोणीच बाबांकडे पाहिलं नाही. म्हणजे मुद्दाम पाहिलं नाही.

"मी जातो," बाबा म्हणाले.

*

घरी चालत येताना तिसऱ्या चौकात बाबांनी विचारलं, "तुझी आई मला का बोलली नसेल?"

"तुम्ही तिच्याशी कधी काढला होता विषय?"

"नाही."

"एकदाही?"

"मला वाटायचं, मी काय केलं ते तिने डोळ्यांनी पाहिलंय. स्वतःच्या हाताने लिहिलंय. तरी बोलत नाही, हे तिचं मोठं मन." रस्त्याच्या कडेला कोणीतरी पाइपने गाडी धूत होतं, बाबा ओहोळ टाळायला थांबले आणि मग टाळायचं विसरून त्यातूनच चालले. "आणि तिला वाटलं असेल, मी काय केलं नाही ते मला ठाऊकच आहे."

एका टेबलावर दोन वेळा जेवणारी दोन माणसं. आपण केली असं वाटणाऱ्या गोष्टीची तो लाज बाळगत होता आणि तिने न झालेली गोष्ट जपून ठेवली होती, आणि दोघांनीही ते एकमेकांच्या प्रेमापोटी तोंडाबाहेर काढलं नाही. मला आईला विचारायचं होतं. अलीकडे असं दिवसातून चार-पाचदा होतं; बहुतेक वेळा प्रश्न साधा असतो, लोणी कुठे ठेवायचीस वगैरे. हा त्यातलाच एक, एवढंच मी स्वतःला सांगितलं.

"ती बोलली नाही म्हणून मी सुटत नाही," बाबा म्हणाले. "अनुमोदन म्हणालो नाही, हे खरं. पण नाही, असंही म्हणालो नाही."

"हे आत्याला सांगा."

"तेच सांगायला चाललोय. उद्या नको. उद्या रविवार, सगळे भेटतील, सल्ले देतील. सोमवारी."

*

बेबीआत्याला आधी बाबांचे दात दिसले. वरचा डावा सुळा गेलेला, खालच्या पुढच्या दातांमध्ये फट, उजवीकडून चावायची सवय. माणूस कोण आहे ते तिला त्यानंतर कळलं.

चष्म्याच्या दुकानावरचा लाकडी जिना चढून आलं की त्यांची खोली. तिथे ती आणि आतोबा कवळ्या बनवतात. हे काम तिला आतोबांनी शिकवलं, लग्नाआधी सहा महिने. तेवढ्यात बाकी सगळंही ठरलं. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने आडनावाचं पहिलं अक्षर. आतोबा कोपऱ्यात मोटरवर कवळीला पॉलिश करत होते. तिच्या हातात गुलाबी मेणाचा खालचा जबडा होता आणि चिमट्यात एक दाढ.

"भाऊ?" ती म्हणाली.

"हो."

"बस. ते स्टूल नको, डुगडुगतं. ते दुसरं."

बाबा बसले. मी दाराशी उभी राहिले. आत्याला कळेना की भाऊ आजारी आहे का, की दादा गेला. भाऊ अंत्यविधीशिवाय समोर येत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. तिने दाढ मेणात बसवली, नीट बसली नाही, पुन्हा काढली.

बाबांनी सांगायला सुरुवात केली. पाठ करून आले होते, तरी मागचंपुढचं झालं. अमृतमहोत्सव, हजेरी, वही, कोरी जागा, नववं कलम, काकांनी अडतीस वेळा दिलेलं अनुमोदन. "म्हणजे तू सभासद आहेस, बेबी. मंडळीने तुला कमी केलंच नाही. एक दिवससुद्धा नाही."

आत्याने चिमटा खाली ठेवला.

"नोटिसा," ती आतोबांना म्हणाली.

आतोबांनी मान डोलावली, आणि हात न थांबवता पायाने खालचा खण उघडला. "मी देव मानत नाही," ते मला म्हणाले, "पण कागद मानतो. सगळ्या लावून ठेवल्यात."

दर वर्षी, वार्षिक सभेच्या पंधरा दिवस आधी, आईच्या अक्षरात पाकीट यायचं. 'सर्व सभासदांस कळवण्यात येते की.' आत्या ती नोटीस वाचायची आणि खणात टाकायची. "मला वाटायचं, वहिनी मायेने पाठवते," ती म्हणाली. "आठवण म्हणून. यंदा अक्षर तिच्यासारखंच, पण तिचं नसलेलं आलं तेव्हा मी रडले, की तिच्यामागे तिची पोरही पाठवते."

मी यंदा आईच्या टेबलावर सापडलेल्या पत्त्यांच्या यादीप्रमाणे पाकिटं लिहिली होती, कोणाचं काय न बघता. हे मी तिला सांगितलं नाही.

"तिने मला बोलावलं होतं," आत्या म्हणाली. "दर वर्षी रीतसर बोलावत होती. आणि मी येत नव्हते." ती खिडकीबाहेर बघत राहिली. खाली रस्ता नेहमीसारखा होता. एक बाई छत्री दुरुस्त करून घेत होती. आत्याला वाटलं, आपण इतकी वर्षं ज्या दारावर टेकून उभ्या होतो ते उघडंच होतं.

"मला तू क्षमा करावीस असं मी म्हणत नाही," बाबा म्हणाले. "मला वाटत होतं मी अनुमोदन दिलं. म्हणून तुझ्यासमोर यायला तोंड नव्हतं."

"तुला वाटत होतं?" आत्याने वळून पाहिलं. "तू दिलं नाहीस, हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. मी होते की तिथे, सगळ्यात मागे. तू उभा राहिलास आणि माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, भाऊ बोलेल आता. तुझ्या पाठीकडे बघत होते मी. मग तू बसलास." तिचा आवाज चढला नाही. "ठरावाचं मला काही वाटलं नाही, भाऊ. आप्पा तसेच होते. तू नंतर अडतीस वर्षं माझ्याकडे बघेनास, तेव्हा मला वाटलं, माझीच लाज वाटते याला."

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

"येशील हजेरीला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आधी एक सांग. काय म्हणायला उठला होतास?"

"मला आठवत नाही. इतकी वर्षं ते दुसरंच आठवत होतं."

"मग आठव. मला घाई नाही. ही कवळी उद्या द्यायची आहे."

तिने चिमटा उचलला. मेण दिव्यावर धरलं, दाढ बसवली, बोटाने दाबली, शेजारची घेतली. मोटरची घरघर चालू होती. मला बाबांच्या मानेवरची शीर दिसत होती. दुसरी दाढ बसली. तिसरी.

बाबा उठले. स्टूल मागे सरकलं आणि फळीवरचा एक जबडा हलला. आतोबांनी पाहिलं आणि मोटर बंद केली.

"माझी हरकत आहे," बाबा म्हणाले. आवाज घशातच राहिला.

"मोठ्याने," आत्या म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. "मी मागे बसले होते."

बाबांनी श्वास घेतला. "माझी हरकत आहे! ती माझी बहीण आहे, आणि माझी हरकत आहे!"

आत्याने डोळे पुसायला हात वर नेला. बोटांना मेण होतं, म्हणून मनगटाने पुसले. तेवढ्यात खालून धावती पावलं आली आणि चष्मेवाला जिन्यात अर्ध्यावर येऊन ओरडला, "काय झालं हो? सगळं ठीक ना?"

आतोबा कठड्यापाशी गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "काही नाही. सभा चालू आहे."